स्नायूंची गोळी स्नायूंपर्यंत जात नाही: ती घरी कशी द्यावी, कशी सांभाळावी

गोव्यातल्या डिचोलीत माझे औषधांचे दुकान आहे. बाजाराच्या दिवशी एक हात कमरेवर आणि दुसऱ्या हातात गोळ्यांची अर्धी कापलेली पट्टी, अशी माणसे काउंटरवर येतात. “बाय, ही कमराची गुळी दी.” मी पट्टी उलटी करून मागचे बारीक अक्षर वाचते आणि सांगते, ही स्नायू सैल करणारी गोळी कमरेत काही करत नाही, जे करते ते मेंदूत आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत करते. काहीजण हसतात. पण एवढे ध्यानात राहिले तर बाकीच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत. झोप का येते, स्कूटर का चालवायची नाही, दारू का नको, आणि एखादी गोळी एकदम बंद केली तर माणूस भलतेसलते का बोलू लागतो, या सगळ्याचे मूळ तिथेच आहे.

थेट स्नायूच्या दाराशी काम करणारी औषधेही असतात. ऑपरेशनच्या टेबलावर भूलतज्ज्ञ व्हेक्युरोनियम किंवा सक्सिनिलकोलिन टोचतात, ती मज्जातंतू आणि स्नायू जिथे एकमेकांना भेटतात तिथे संदेश अडवतात. त्यात श्वासाचे स्नायूही ढिले पडतात, म्हणून श्वास मशीनने द्यावा लागतो. तसले काही आमच्या कपाटात नसते. आमच्याकडे बॅक्लोफेन, टिझानिडिन, थायोकोल्चिकोसाइड आणि क्लोरझोक्साझोन. चौघांचा मार्ग वेगळा, पण काम मध्यवर्ती मज्जासंस्थेतच.

आधी पट्टी वाचा

ब्रँडचे नाव सोडा, त्याखाली काय काय मिसळले आहे ते वाचा. कंबरदुखीवर मिळणाऱ्या बहुतेक गोळ्यांत स्नायू सैल करणारे औषध एकटे नसते. सोबत अ‍ॅसिक्लोफेनॅक किंवा डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक असते आणि बरेचदा पॅरासिटामॉलही. म्हणजे गोळी एक, औषधे तीन. त्याच दिवशी ताप आला म्हणून घरातले पॅरासिटामॉल वेगळे घेतले की ते दुप्पट झाले. ज्यांना आम्लपित्त, किडनीचा किंवा रक्तदाबाचा त्रास आहे, त्यांना या मिश्रणातले वेदनाशामकच जास्त नडते.

नावापुढचे ‘एमआर’ बघूनही निर्धास्त होऊ नका. कंबरदुखीच्या गोळीवर त्याचा अर्थ स्नायू सैल करणारी, आणि मधुमेहाच्या ग्लिक्लाझाइडवर त्याचा अर्थ हळूहळू सुटणारी. आजोबांच्या सगळ्या पट्ट्या एकाच बिस्किटाच्या डब्यात असतील तर निदान या दोन तरी वेगळ्या ठेवा.

कमरेत उसण भरली म्हणून घेतलेल्या गोळ्यांचे काम चार-पाच दिवसांचे. त्यांचा फायदा माफकच असतो. फरक पडत नसेल तर तीच पट्टी पुन्हा मागायला येऊ नका, डॉक्टरांना दाखवा. बॅक्लोफेनचे तसे नाही. ती पक्षाघात झालेल्यांना, मणक्याला मार लागलेल्यांना, मल्टिपल स्क्लेरोसिसच्या किंवा सेरेब्रल पाल्सीच्या रुग्णांना महिनोन्महिने लागते, आणि घरच्यांनी सांभाळायची खरी गोळी हीच. म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहिते.

बॅक्लोफेन आत काय करते

पक्षाघात झालेल्या माणसाचा आखडलेला हात घ्या. कोपर अगदी हळू सरळ करा, बहुतेक वेळा तो सरळ होतो. आता तोच हात झटकन सरळ करून बघा (जबरदस्ती नको). मध्येच कुणीतरी आतून पकडल्यासारखा तो अडतो. हळू केले तर जातो, वेगाने केले तर अडतो, याला डॉक्टर स्पास्टिसिटी म्हणतात. सांधा गंजून घट्ट झाला असेल तर हळू करा की वेगाने, तो तेवढाच अडेल, आणि तिथे ही गोळी उपयोगाची नाही. हा फरक घरात एकदा बघून ठेवा, डॉक्टरांशी बोलताना कामाला येतो.

होते असे की स्नायू ताणला गेला की त्याच्यातले बारीक संवेदक मज्जातंतूवाटे मज्जारज्जूला कळवतात आणि मज्जारज्जू मेंदूला न विचारताच उलट आज्ञा सोडतो: आवळ. डॉक्टर गुडघ्यावर हातोडी मारतात तेव्हा पाय उडतो तो याचमुळे. निरोगी माणसात मेंदू वरून या घाईला आवर घालत असतो. आपल्या खाडीकाठच्या खाजन शेतांच्या बांधात मानस असते ना, भरतीचे पाणी किती आत घ्यायचे ते ठरवणारे दार? पक्षाघातात ते दार मोडते, आणि मग प्रत्येक भरतीचे पाणी थेट शेतात. बॅक्लोफेन मोडलेले दार दुरुस्त करत नाही, फक्त आत येणाऱ्या पाण्याचा जोर कमी करते. म्हणूनच “या गोळीने हात चालू होईल का?” या प्रश्नाला माझे उत्तर नाही असेच असते. हात मऊ होईल. ताकद आणायचे काम व्यायामाचे.

आता जरा आणखी आत जाऊ. एका मज्जापेशीच्या टोकाशी विजेचा स्पंद पोहोचला की तिथल्या कॅल्शियमच्या वाटा उघडतात. कॅल्शियम आत शिरले की ग्लुटामेटने भरलेल्या पिशव्या फुटून ते मधल्या फटीत सांडते आणि पुढची पेशी चेतवते. याला आवर घालणारे मेंदूचे स्वतःचे रसायन म्हणजे गाबा. मग गाबाचीच गोळी का देत नाहीत? कारण रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा गाबा नीट ओलांडत नाही. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या सिबा कंपनीत हाइनरिख केबर्ले या रसायनशास्त्रज्ञाने 1962 मध्ये गाबाच्या रेणूला क्लोरीन असलेले एक कडे जोडले, त्यामुळे तो पडदा ओलांडू लागला. ते बॅक्लोफेन. (सिबा हे नाव आपल्याला नवे नाही, जुन्या गोव्याजवळ खोर्लीला त्यांचा कारखाना होता.) औषध बनवले होते फेफऱ्यासाठी. तिथे ते फारसे चालले नाही, पण आखडलेले हातपाय सैल होतात असे दिसले आणि पुढे ते त्याच कामासाठी वापरले जाऊ लागले.

ते नेमके कुठे बसते हे मात्र बरीच वर्षे उलगडले नव्हते. 1980 मध्ये नॉर्मन बाउअरी हे ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की गाबाचे ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे पेशीवरच्या ज्या जागी गाबा बसतो त्या) एका जातीचे नाहीत. झोप आणणारे डायझेपाम ज्या जातीवर चालते ती एक, आणि बॅक्लोफेन ज्यावर बसते ती दुसरी, तिला पुढे गाबा-बी नाव मिळाले. या ग्राहकावर बॅक्लोफेन बसले की दोन गोष्टी होतात. निरोप देणाऱ्या पेशीच्या टोकाशी कॅल्शियमची वाट आवळली जाते, त्यामुळे ग्लुटामेट कमी सांडते. आणि निरोप घेणाऱ्या पेशीत पोटॅशियमच्या वाटा उघडतात, पोटॅशियम बाहेर पडते, पेशीचा आतला भार आणखी ऋण होतो आणि एरवी तिला चेतवणारा तेवढाच निरोप आता पुरा पडत नाही. देणारा कमी बोलतो, घेणारा कमी ऐकतो. डायझेपामच्या जातीचा ग्राहक स्वतःच क्लोराइडची वाट असतो, तिथे परिणाम तत्काळ. गाबा-बी मात्र मध्ये एक प्रथिन घालून काम करतो, म्हणून सावकाश, पण जास्त वेळ टिकणारे.

आता खरी अडचण. हे ग्राहक फक्त मज्जारज्जूत नाहीत. विचार करणाऱ्या भागात आहेत, स्मरणाच्या भागात आहेत, तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूत आहेत. गोळीला पत्ता वाचता येत नाही. पाय सैल करणाऱ्या त्याच डोसाने डोळ्यांवर झापड येते, चालताना झोक जातो आणि वृद्ध माणसाचा गोंधळ वाढतो. “गोळीने बाबा सुस्त झाले, म्हणजे गोळी लागली नाही” असे काहींना वाटते. लागली, पण जरा जास्तच ठिकाणी लागली. औषध रक्तातून न देता पोटाच्या कातडीखाली बसवलेल्या पंपाने थेट मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात सोडायची पद्धत यासाठीच आली. त्यात औषध गोळीच्या मानाने अगदी थोडे लागते.

डोस कसा चढवायचा

सुरुवात साधारणपणे 5 मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, आणि मग दर तीन दिवसांनी प्रत्येक वेळचा डोस 5 मिलिग्रॅमने वाढवत न्यायचा, असा रिवाज आहे. दिवसाची वरची मर्यादा बहुधा 80 मिलिग्रॅम, पण तिथवर जावेच लागते असे नाही. वृद्धांना याहून सावकाश. आकडे मी सांगितले ते तुमच्या चिठ्ठीवर काय लिहिले आहे ते कळावे म्हणून, वाढवायचे किती ते डॉक्टरच ठरवतील.

रक्तातले औषध तीन-चार तासांत निम्मे होते. तेव्हा सकाळी आठला, अकराला आणि मग थेट रात्री झोपताना अशा तीन गोळ्या दिल्या तर मधली सगळी दुपार कोरडी जाते. अंतर सारखे ठेवा. ज्या कामासाठी हातपाय मऊ हवेत, म्हणजे आंघोळ, कपडे बदलणे, फिजिओथेरपी, त्याच्या तासभर आधी एक डोस येईल असे बसवा. मळमळ होत असेल तर जेवणानंतर किंवा दुधाबरोबर.

आणि गोळी लागू पडते की नाही हे “बरे वाटते का?” विचारून कळत नाही. एक काम निवडा. मूठ उघडून नखे कापता येतात का? मांड्या एवढ्या फाकतात का की साफसफाई नीट करता येईल? रात्री पाय झटके देऊन माणसाला जागे करतो का? वहीत तारीख आणि तेवढेच लिहा. दुसऱ्या रकान्यात झोप आणि पडझड. डॉक्टरांना अशी वही मिळाली तर ते तुमच्यावर खूश होतात, हे मी माझ्या अनुभवाने सांगते.

ताठ पाय नेहमीच शत्रू नसतो, हे मात्र कुणी आधी सांगत नाही. आमच्याकडे औषध नेणारे एक गृहस्थ आहेत, पूर्वी बार्जवर काम करायचे. डावी बाजू गेलेली. डोस वाढवल्यावर मुलगा खूश होता, कारण पायजमा पटकन चढू लागला. पण त्याच आठवड्यात बाबा संडासाच्या दारात गुडघ्यातून दुमडले. ते उभे राहत होते ते त्या ताठरपणाच्या आधारावर, पायात स्वतःची ताकद नव्हतीच. डॉक्टरांनी दिवसाचा डोस उतरवला आणि रात्रीचा तसाच ठेवला. तेव्हा माणूस उभा राहत असेल, दोन पावले टाकत असेल, तर प्रत्येक वाढीनंतर पहिले दोन-तीन दिवस त्याला एकट्याने उठू देऊ नका.

डोस वाढवून मागण्याआधी माणसाला डोक्यापासून पायापर्यंत एकदा बघा. बद्धकोष्ठ, लघवीचा जंतुसंसर्ग, तुंबलेली कॅथेटर, मांसात शिरलेले नख, पाठीवर सुरू झालेला शय्याव्रण, पावसात बोटांच्या बेचक्यात झालेल्या चिखल्या, घट्ट चपलेचा पट्टा. त्या भागात माणसाला दुखत नसले तरी मज्जारज्जूला ते कळते आणि तो आणखी आवळतो. कारण दूर केले की आहे त्याच डोसात पाय सैल होतो. परवा परवापर्यंत ठीक होते आणि अचानक ताठरपणा वाढला, असे झाले तर मी आधी लघवीचेच विचारते.

एकदम बंद करू नका, कधीच

गणेश चवथीच्या आठवड्यात आमच्या भागातली बरीच दुकाने अर्धी-अधिक बंद असतात, माणसे गावच्या घरी गेलेली असतात, आणि पट्टी संपते. बॅक्लोफेनबाबत हे चालणारे नाही. बाहेरून आवर मिळतो आहे म्हटल्यावर मज्जासंस्था स्वतःला त्याप्रमाणे जुळवून घेते. तो आवर एकदम काढला की दबलेले सगळे उसळते. दिवसा-दोन दिवसांत अंगाला खाज, पूर्वीपेक्षा जास्त ताठरपणा, ताप, नसलेली माणसे दिसणे, कधी फिट. घरच्यांना वाटते भूतबाधा किंवा मेंदूज्वर. असे दिसले तर वाट बघू नका, 108 ला फोन करा आणि संपलेली पट्टी सोबत न्या. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना त्या रिकाम्या पट्टीवरूनच कळेल.

म्हणून घरात कायम आठवडाभराची जादा गोळी हवी. एक डोस चुकला तर पुढचा वेळेवर द्या, दुप्पट नको. बंद करायचीच असेल तर डॉक्टर एक-दोन आठवड्यांत, कधी त्याहून सावकाश, पायरीपायरीने उतरवतात. “झोप येते म्हणून आम्ही कालपासून देतच नाही” हे वाक्य ऐकले की मी हातातले काम टाकून त्यांना डॉक्टरांना फोन लावायला सांगते.

किडनीचेही विचारून घ्या. हे औषध बहुतांशी न बदलता लघवीवाटेच बाहेर जाते. किडनी मंद असेल तर ते साठत जाते, आणि डायलिसिसवरच्या माणसाला नेहमीच्या थोड्याशा डोसानेही ग्लानी येऊन तो बेशुद्ध होऊ शकतो. चिठ्ठी देणारे डॉक्टर नवे असतील तर क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीचा, शेवटचा रिपोर्ट आपणहून पुढे करा.

दारू आणि दुचाकी

मार्च-एप्रिलमध्ये हुर्राक, म्हणजे काजूची ताजी दारू, सुरू झाले की मला हे जास्त वेळा सांगावे लागते. दारूही मेंदूला मंदच करते, आणि यातल्या कुठल्याही गोळीबरोबर दोन्ही मंदपणा एकमेकांत मिसळतात. “फेणी औषधीच असते” हा युक्तिवाद माझ्या काउंटरवर चालत नाही. गंमत अशी की फ्रान्समध्ये ओलिव्हिए अमेझां नावाच्या हृदयरोगतज्ज्ञाने स्वतःचे दारूचे व्यसन बॅक्लोफेन घेऊन सोडवल्याचे जाहीरपणे लिहिले, त्यावर तिकडे मोठा वाद झाला आणि 2018 मध्ये फ्रान्सने त्या कामासाठी या औषधाला परवानगी दिली. हे कुठेतरी वाचून नवऱ्याच्या चहात गोळी घालायचा विचार कुणी करत असेल तर थांबा. दारू आणि बॅक्लोफेन पोटात एकत्र गेले तर श्वास मंदावू शकतो. तो उपचार तज्ज्ञाच्या देखरेखीत होतो.

पायलटांना, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाल्यांना, मी वेगळे सांगते. दिवसभर मोटरसायकलवर भाडी मारून कंबर धरते, मधल्या वेळेत एक गोळी घेतली जाते आणि मागे बसलेल्या माणसाला त्याची कल्पनाही नसते. गोळी रात्री घ्या, सकाळी उठल्यावर डोके जड आहे का बघा, आणि जड असेल तर गाडी घरात राहू द्या.

बाकीच्या तिघांबद्दल

टिझानिडिन गाबाच्या वाटेने जात नाही. ते मेंदू आणि मज्जारज्जूतल्या अल्फा-2 ग्राहकांवर बसते, नॉरएड्रिनॅलिन या चेतवणाऱ्या रसायनाचे सुटणे कमी करते आणि त्यामुळे चेतवणारे निरोप मंदावतात. तोंड कोरडे पडते, झोप येते, रक्तदाब उतरतो. बिछान्यातून झटकन उठू नका, आधी काठावर बसा. ज्यांची रक्तदाबाची गोळी चालू आहे त्यांनी ते सांगितलेच पाहिजे. आणि सिप्रोफ्लॉक्सासिनबरोबर हे औषध अजिबात नको. लघवीच्या जंतुसंसर्गावर किंवा जुलाबावर ते अँटिबायोटिक सर्रास दिले जाते, पण टिझानिडिन मोडणारे यकृतातले एन्झाइम ते अडवते, रक्तातले टिझानिडिन सुमारे दहापट वाढते आणि माणूस चक्कर येऊन कोसळतो. दोन चिठ्ठ्या दोन डॉक्टरांच्या असतात, म्हणून ही जोडी कुणाच्याच नजरेस पडत नाही. दोन्ही चिठ्ठ्या एकाच दुकानात दाखवा.

थायोकोल्चिकोसाइडचे मूळ आपल्या ओळखीचे आहे. श्रावणात कुंपणावर लाल-पिवळी पेटल्यासारखी फुलणारी कळलावी, तिच्या बियांतल्या द्रव्यापासून ते तयार करतात. (वनस्पती सगळीच विषारी, घरी काढा करायला जाऊ नका.) याचे वागणे जरा विचित्र. हे गाबाच्या एका जातीच्या ग्राहकाला अडवते, म्हणजे बॅक्लोफेनच्या अगदी उलट दिशेने, त्यामुळे फेफऱ्याच्या रुग्णाला त्याने फिट येऊ शकते. गुणसूत्रांत बिघाड होईल या काळजीपोटी युरोपच्या औषध नियामकाने 2013 मध्ये त्यावर बंधने घातली: 16 वर्षांखालच्या मुलांना नाही, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांना नाही, गोळी सलग सात दिवसांहून जास्त नाही. आपल्याकडे सुनेची पट्टी सासूला आणि सासूची सुनेला अशी देवाणघेवाण चालते, ती या गोळीत तरी नको. दिवस राहण्याची शक्यता असेल तर आधी डॉक्टरांना सांगा.

क्लोरझोक्साझोन सगळ्यात साधे, कंबरदुखीच्या मिश्रणांत सापडते, झोप आणते. त्याने लघवी कधी नारिंगी किंवा जांभळट लाल होते, तेवढ्याने घाबरून रात्री दुकानाचे शटर ठोठावायची गरज नाही. पण डोळे पिवळे दिसू लागले, भूक मेली, उजव्या बरगडीखाली दुखू लागले, तर तो लघवीचा रंग नव्हे, ते यकृत आहे. गोळी थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.